बनगरवाडी आणि आमची ठाणा लोकल

मागच्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. भांडुपला चढले, नेहमीसारखी दोन सीटच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिले आणि पिशवीतून पुस्तक काढलं. दोन पानं होतायत तोवर समोर खिडकीत बसलेल्या बाईंनी, ज्यांना मी दोन वर्षं रोज बघत होते पण "तुम्ही कुठे उतरणार" याच्यापलीकडे एक शब्द कधी बोलले नव्हते, त्यांनी कव्हरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आयबू आला का?"

ज्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी वाचलीये त्यांना कळेल मला काय वाटलं असेल. मी म्हटलं, "नाही अजून, आत्ताशी मास्तर शाळा झाडतायत." तर त्या एकदम पुढे सरकून म्हणाल्या, "मग येईल आता, येईल," असं की जणू कादंबरीतलं ते पोरकं पोर, आयबू, घाटकोपरला चढणारे.

तिथून सगळं सुरू झालं. आज रविवार आहे, मेगाब्लॉक आहे, कुठे जायचं नाहीये, तर हे एकदाचं लिहून काढते, कारण गेलं वर्षभर या एका पुस्तकाने आम्हा पाच जणींना इतकं दिलंय की ते मनातल्या मनात ठेवणं मला बरं वाटत नाही. आणि हो, शेवटाबद्दलही बोलणारे मी, तेव्हा ज्यांना अजून वाचायचीये त्यांनी आधी पुस्तक मिळवा, वाचा, मग इकडे या. बारीकसं पुस्तक आहे, दोन रात्रींत होतं.

माझ्याकडची प्रत बाबांची. बाबा गेल्यावर कपाट आवरताना सापडली, कडेची पानं पिवळी झालेली, मधे कुठेतरी एक जुनं बसचं तिकीट. आम्ही सिंधुदुर्गातले, बाबा चाकरमानी, आयुष्य परळ आणि भांडुपात गेलं. त्यांनी धनगरांच्या वाडीवरची कादंबरी का जपून ठेवली असेल हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आमच्याकडे पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, घराच्या भिंतीला शेवाळ येतं, आणि या पुस्तकात माणसं आभाळाकडे बघत बसलेली.

तर त्या खिडकीतल्या बाई म्हणजे आमच्या मॅडम. ठाण्याहून बसतात, भायखळ्याला उतरतात, तिथे महापालिकेच्या शाळेत शिकवतात. त्यांना हे पुस्तक डीएड करताना कोणीतरी वाचायला दिलं होतं आणि तेव्हापासून किती वेळा वाचलंय त्याचा हिशेब नाही. त्यांच्या मते नवीन मास्तरांना नेमणुकीच्या ऑर्डरसोबत हे पुस्तक द्यायला हवं. कारण काय, तर त्यातला राजाराम मास्तर काही थोर वगैरे नाहीये, अगदी कोवळा पोरगा आहे, पहिली नोकरी, औंध संस्थानातल्या एका आडबाजूच्या वाडीत जातो तर शाळा कधीची बंद, मुलं मेंढरांमागे. आणि पोरांनी शाळेत यायचं तर मेंढरं कोण राखणार हा प्रश्न तो भाषण देऊन सोडवत नाही, त्याला सोडवताच येत नाही, तो फक्त तिथे राहतो. पत्रं लिहून देतो, कोणाची कागदपत्रं वाचून दाखवतो, तालुक्याला जाऊन कामं करून आणतो, भांडणं ऐकतो. मॅडम म्हणाल्या, "माझ्या वर्गात चाळीस पोरं असतात, मे महिन्यात गावाला जातात, जूनमध्ये त्यातली चार येतच नाहीत. कुठे गेली, का गेली, हजेरीपटावर नुसती नावं राहतात. ते पुस्तक वाचलं ना की मला त्या नावांपुढे गैरहजर लिहिताना हात जड होतो."

दोन दिवसांत मुलुंडच्या काकू सामील झाल्या, मग कांजूरहून चढणारी, जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणारी मुलगी, तिला आम्ही जेजेवालीच म्हणतो. ती आधी कानात हेडफोन घालून बसायची. एकदा मॅडम आणि मी शेकूबद्दल इतक्या जोरात बोलत होतो की तिने हेडफोन काढले आणि म्हणाली, "सॉरी, पण हा शेकू कोण आहे, मी तीन दिवस ऐकतेय."

शेकू सांगायलाच हवा. गरीब, भोळा, देवासारखा माणूस. पेरणीचे दिवस आलेत आणि याच्याकडे बैल एकच. दुसरा कोणी द्यायला तयार नाही, आणि एका बैलाने औत चालत नाही. मग काय होतं, तर जूच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. ती मान घालते जूखाली. बस. आणि माडगूळकर हे जे लिहितात ते कसं लिहितात तर जसं दिसलं तसं, कुठेही 'हाय रे दैवा' नाही, वाचणाऱ्याने रडावं म्हणून एक शब्द जास्त नाही. मी ते पान विक्रोळी ते कुर्ला असं मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि आमच्या आजूबाजूच्या बायकांचं बोलणं बंद झालं होतं. दारात उभी असलेली एक कोळीण, तिची पाटी पायाशी, ती म्हणाली, "पुन्हा वाच गो ते." पुन्हा वाचलं.

जेजेवालीने त्या दिवशी पुस्तक घरी मागून नेलं आणि चौथ्या दिवशी परत आणलं, सोबत चित्रं. वहीभर. तिचं म्हणणं असं की हा लेखक चित्रकार असणारच, नाहीतर असं लिहिता येत नाही. मी तिला सांगितलं की माडगूळकर खरंच चित्रं काढायचे, शिकारीचा नाद होता, रानात भटकायचे, पुढे पुढे प्राणीपक्षी बघण्यातच रमले. तर ती म्हणाली, "बघा ना, ते माणसाबद्दल काही सांगतच नाहीत. तो कसा उभा आहे, काय नेसलाय, हातात काय आहे, एवढंच. चार रेघा. आणि तरी माणूस उठून चालायला लागतो." मराठीच्या एवढ्या मोठमोठ्या समीक्षा मी वाचल्यात पण माडगूळकरांच्या भाषेबद्दल यापेक्षा नेमकं मला कोणी सांगितलेलं आठवत नाही.

शेकूच्या बायकोचं चित्र तिला जमत नव्हतं. खांदा चुकायचा. बैलाच्या उंचीला आलेला माणसाचा खांदा कसा दिसेल, मान कुठे जाईल, पाच सहा वेळा काढून खोडलं. मग एक दिवस दादर सोडल्यावर ती अचानक समोर बघून भराभरा काढायला लागली. वरची कडी धरून उभी असलेली एक बाई होती, दुसऱ्या खांद्याला डबा, छत्री, भाजीची पिशवी, मान एका बाजूला ओढली गेलेली, डोळे मिटलेले. तो खांदा. ते चित्र मी फोटो काढून फोनमध्ये ठेवलंय, तिला विचारून.

आणि मग आमची वहिनी.

वहिनी ठाण्यालाच बसायची, मॅडमच्या बाजूला, मस्जिदला उतरायची, तिथे एका सीएच्या ऑफिसात काम करते. जुलै लागेपर्यंत ती काही बोलली नाही, नुसती ऐकायची. एकदा मी वाचताना 'वाघर' या शब्दाला अडले. बाबांच्या प्रतीत त्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ होती, म्हणजे तेही अडले असणार. मी म्हटलं वाघर म्हणजे काय असेल गं, वाघाशी काही संबंध? आणि वहिनी हसली आणि म्हणाली, "वाघर म्हंजे जाळी ओ. रातच्याला मेंढरं कोंडायची जाळी. चार खुट्या ठोकायच्या, भवतीनं लावायची, सकाळी गुंडाळायची आन् चालाय लागायचं."

आम्ही चौघी तिच्याकडे बघत राहिलो. "तुम्हाला कसं माहिती?"

"माझं माहेर आटपाडीकडचं हाय की. आमी धनगरच."

म्हणजे बघा. व्यंकटेश माडगूळकरांचं गाव माडगुळे, आटपाडी तालुका, तेव्हाचं औंध संस्थान. १९२७ चा जन्म त्यांचा, आणि 'बनगरवाडी' आली १९५५ ला, म्हणजे लेखक अठ्ठावीसच्या आसपास. ज्या मुलखाबद्दल आम्ही महिनाभर कल्पना करत होतो, माणदेश माणदेश करत होतो, त्या मुलखातली बाई आमच्या मांडीला मांडी लावून बसलेली, आणि तिने हे पुस्तक वाचलेलंच नव्हतं. नाव ऐकलं होतं, शाळेत माडगूळकरांचा एखादा धडा होता, बस. तिने सांगितलं की तिचे मिस्टर झवेरी बाजारात गलाईच्या दुकानात आहेत. गलाई म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायचं काम. विटा, खानापूर, आटपाडी या भागातले लोक पिढ्यानपिढ्या या धंद्यात आहेत, नुसते मुंबईत नाही तर देशभर कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, भट्टीपाशी सांगलीकडचा माणूस सापडतो. का, तर गावाकडे पाणी नव्हतं. पोटासाठी बाहेर पडले आणि पसरले.

तेव्हापासून वहिनी आमची गुरू झाली. आता कुठल्याही शब्दाला अडलो तर तिच्याकडे बघायचं. शेतात मेंढरं बसवणं म्हणजे काय, तर शेतकरी धनगराला सांगतो की तुझा कळप माझ्या रानात चार रात्री बसव, लेंड्यांचं खत मिळतं, त्याच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे. हे मॅडमना पण माहीत होतं, कारण त्या मूळच्या पेणच्या, तिकडे दिवाळीनंतर भातं कापली की घाट उतरून मेंढपाळ येतात आणि रिकाम्या शेतात वाघरी लागतात. मला नवल याचं वाटलं की पेणची बाई आणि आटपाडीची बाई एकाच गोष्टीची दोन टोकं सांगत होत्या, एकीने कळप निघताना बघितलेला, दुसरीने पोचताना.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते अंजीच्या चोळीवरून, आठवडाभर चाललं. प्रसंग असा की अंजी, कारभाऱ्याची, म्हणजे वाडीच्या म्हाताऱ्या म्होरक्याची मुलगी, मास्तरला सांगते की तालुक्याहून मला एक चोळी शिवून आणून द्या. मास्तर आणतो, त्याच्या मनात काही नाही. पण वाडीत बोभाटा होतो, दादू बालट्यासारखी माणसं असतातच, आणि कारभारी, जो इतके दिवस मास्तरच्या पाठीशी उभा होता, ज्याच्या शब्दावर शाळा चालू झाली, तो बोलणं टाकतो.

जेजेवाली भयंकर चिडलेली. म्हणे एवढा शहाणा म्हातारा, सगळ्यांचे न्याय करतो, आणि स्वतःच्या मुलीला विचारत पण नाही? एका ब्लाउजवरून? मी पण तिच्या बाजूने होते. मॅडमचं म्हणणं की चूक मास्तरची, परक्या गावात राहणाऱ्या मास्तरला एवढी समज पाहिजे. यावर काकू मॅडमवर नाराज, कारण तो वीसेक वर्षांचा पोरगा. मग वहिनी बोलली. ती म्हणाली, "आमच्यात बाईला चोळी कोण घेतंय? भाऊ घेतोय नायतर नवरा. मास्तर भाऊ न्हाई. मग वाडीनं काय समजायचं? आन् अंजीला पण ही कळत हुतं. तिनं मागितली म्हंजे तिच्या मनात कायतरी हुतंच की."

हे मला कधीच दिसलं नव्हतं. मी ते प्रकरण चार वेळा वाचलंय आणि दरवेळी अंजीला निरागस समजत आलेय. पण माडगूळकरांनी अंजीच्या मनातलं काहीच लिहिलेलं नाही, जे सांगतोय तो मास्तर, आणि मास्तरला बायकांच्या मनातलं कुठे कळतंय! म्हणजे अंजी त्या पुस्तकात आहे पण मास्तरच्या नजरेच्या पलीकडे आहे, आणि ती बाजू वाचायला आटपाडीची बाई लागली. त्या दिवशी मी घरी जाऊन ते प्रकरण पाचव्यांदा वाचलं आणि सगळं पुस्तकच हललं.

आयबूबद्दल मात्र भांडण नाही, तो सगळ्यांचाच लाडका. ना आई ना बाप, मुलाण्याचं पोर, हळूहळू मास्तरच्या खोलीत राहायलाच येतो आणि त्याचं सगळं बघतो. आनंदा रामोशी काकूंना आवडतो, मला तेवढा नाही. तालमीचा भाग जेजेवालीला थोडा लांबलेला वाटतो, मला ते पटत नाही, कारण अख्खी वाडी मिळून काहीतरी बांधतेय असं पुस्तकात तेवढंच एकदा होतं. मास्तरच्या डोक्यातून निघतं की गावात तालीम पाहिजे, मग दगड माती, ज्याला जे जमेल ते, आणि उद्घाटनाला खुद्द औंधचे राजेसाहेब. हे काही लेखकाचं स्वप्नरंजन नाही बरं का. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी खरोखरच व्यायामाचे, सूर्यनमस्काराचे एवढे भक्त होते की संस्थानभर त्याचा प्रसार करायचे, स्वतः चित्रकारही होते आणि औंधला त्यांनी संग्रहालय उभं केलंय. त्यामुळे तालीम बांधली म्हणून राजा वाडीला येतो हे त्या काळच्या त्या मुलखात अगदी होण्यासारखं. पुढे काय होणारे ते माहीत असलेल्या माणसाला ती तालीम वाचताना फार त्रास होतो, एवढंच सांगते.

काकूंचा जीव कारभाऱ्यात. १९९५ ला अमोल पालेकरांनी सिनेमा केला त्यात चंद्रकांत मांढरे कारभारी होते, तेव्हापासून काकूंना दुसरा चेहराच दिसत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. काकू लालबागच्या चाळीत वाढल्या, वडील माण तालुक्यातून आलेले, गिरणीत साच्यावर. त्या सांगतात की आमच्या मजल्यावर एकेका गाळ्यात पंधरा वीस पुरुष, पाळीपाळीने झोपायचे, एकाच भागातले, आणि प्रत्येक गाळ्यात एक म्हातारा असायचा ज्याच्या शब्दाबाहेर कोणी जायचं नाही. कोणी पैसे बुडवले, कोणी दारू प्यायला, कोणाचं लग्न ठरलं, सगळं त्याच्याकडे. करी रोड आलं की काकू बाहेर बघतात, रोज, जिथे भोंगा वाजायचा तिथे आता काचेच्या इमारती. १९८२ चा संप झाला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या. गाळा रिकामा होत गेला, एकेक जण वळकटी बांधून गावाला गेला, तो म्हातारा शेवटपर्यंत थांबला होता. "बनगरवाडी तिथे पण उठली बघ," एवढंच म्हणाल्या आणि चिंचपोकळी येईपर्यंत गप्प.

कारभारी मरतो ते पान काकूंनी आम्हाला वाचू दिलं नाही. म्हणाल्या, ते आपापलं वाचा.

शेवट मात्र आम्ही एकत्र वाचला, आणि ठरवून नाही. ऑगस्टमधला दिवस, रात्रभर पाऊस, सकाळी थोडा थांबला म्हणून सगळ्या निघालो. कुर्ला सोडलं आणि सायनच्या अलीकडे गाडी उभी राहिली. रुळावर पाणी. पाच मिनिटं, वीस मिनिटं, तास. दिवे जात येत होते. बाहेर पांढरं आभाळ आणि खाली गढूळ पाणी, त्यात तरंगणारी चप्पल, बाटल्या. बायकांनी घरी फोन केले, डबे उघडले, कोणीतरी शेंगदाण्याचे लाडू वाटले. मग मॅडम म्हणाल्या, किती पानं राहिलीत? मी म्हटलं पंधरा वीस असतील. वाच.

मी वाचायला लागले. पुस्तकात पाऊस येत नाही. आधी वाटतं येईल. मग कुरणं संपतात, मेंढरांना चारा नाही, एकेक मेंढरू पडायला लागतं. धनगराचं मेंढरू गेलं की त्याचं काय राहतं? आणि मग माणसं निघतात, आज दोन घरं, उद्या चार, कोणी मोठ्याने निरोप पण घेत नाही. दारं लावलेली. ज्या शाळेत पोरं यावीत म्हणून इतका आटापिटा केला ती शाळा रिकामी, तालीम रिकामी. मास्तर पण निघतो.

बाहेर धो धो. गाडीच्या टपावर पावसाचा एवढा आवाज की मला ओरडून वाचावं लागत होतं, आणि वाचत काय होते तर दुष्काळ. वाचून झालं तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग जेजेवालीने विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे किती पडतो हो पाऊस?" वहिनी म्हणाली, "आकडा मला न्हाई म्हाईत, पण म्हाताऱ्या म्हणायच्या, वर्साला चार शिंतुडं." मॅडमनी तिथल्या तिथे फोनवर बघितलं. आटपाडीचा वर्षाचा सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतच. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात पडला होता ९४४. आमच्या डब्यातल्या निम्म्या बायका त्या दिवशी कुठे ना कुठे कमरेएवढ्या पाण्यातून चाललेल्या आहेत, मी स्वतः तेव्हा कॉलेजात होते आणि रात्र एका अनोळखी घरात काढली होती. म्हणजे वहिनीच्या मुलखाचा दोन वर्षांचा पाऊस आमच्यावर एका दिवसात पडला होता.

वहिनीने मग सांगितलं की आता तसं राहिलं नाही, टेंभूचं पाणी आलंय, कृष्णेचं, कराडजवळून टप्प्याटप्प्याने उचलून आणलंय, तिच्या भावाची डाळिंबाची बाग आहे. तिच्या आवाजात एवढा आनंद होता की आम्ही सगळ्या ते पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, किती झाडं, कधी बहार धरतात, पाणी कधी आलं. जणू बनगरवाडीलाच पाणी आलं होतं. पण थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पर जी गेली ती काय परत आली न्हाईत. माझं मालक येतील का आता झवेरी बाजार सोडून?"

आणि मला तेव्हा बाबांचं कळलं. आमच्या वाडीत, कोकणातल्या वाडीत, आता तीन घरं उघडी असतात, बाकीची गणपतीला उघडतात. तिथे पाऊस कमी नव्हता, काम नव्हतं. कारण उलटं, पण बंद दारं तीच. माडगूळकर माणसं वाडीतून निघाली एवढं सांगून थांबतात, ती पुढे कुठे गेली ते सांगत नाहीत. आमच्या डब्यात बसून मला दिसत होतं ती कुठे गेली. लालबागच्या गाळ्यात, मस्जिदच्या भट्टीपाशी, भांडुपच्या डोंगरावर. राम देशमुखांनी १९५८ मध्ये याचं इंग्रजी भाषांतर केलं त्याचं नाव आहे 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स', गावाला कूस नव्हतं अशा अर्थाचं. जेजेवालीला ते नाव मूळ नावापेक्षा आवडतं. मला नाही. 'बनगरवाडी' म्हटलं की मला हाक मारल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी अडीच तासांनी गाडी हलली. वहिनीने उतरताना पुस्तक मागितलं, म्हणाली घरी नेऊ का. मी बाबांची प्रत आजवर कोणाला आठ दिवसांच्या वर दिली नव्हती. दिली.

तिने ते स्वतः वाचून संपवलं आणि मग एक भारी गोष्ट केली. तिच्या सासूबाई गावी असतात, सत्तरीच्या, अक्षरओळख नाही, आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. वहिनी रोज रात्री भांडी झाली की त्यांना फोन लावते आणि दोन पानं वाचून दाखवते. फोन स्पीकरवर असतो, तिकडे शेजारच्या दोन म्हाताऱ्या पण येऊन बसतात. मास्तर काय करतोय यावर त्यांची चर्चा होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चा आमच्यापर्यंत पोचते. सासूबाईंना, वहिनी त्यांना आत्याबाई म्हणते, दादू बालट्या पहिल्या ओळीपासून ओळखीचा वाटतो, तसला एक त्यांच्या वाडीत होता म्हणे. शेकूच्या बायकोचं पान वाचलं तेव्हा तिकडून कितीतरी वेळ काही आवाजच आला नाही. वहिनीला वाटलं रेंज गेली. मग आत्याबाई म्हणाल्या, "बाई लेकुरवाळी हुती का गं?" आम्हा पाच जणींपैकी एकीलाही हा प्रश्न सुचला नव्हता. मी घरी जाऊन पुन्हा शोधणार होते, पण पुस्तक तर वहिनीकडेच.

सण आले, शेतीची कामं आली, मधे आत्याबाई आजारी होत्या, म्हणून महिनोन्महिने खंड पडतो, आणि आत्याबाई मागचं एक पान पुन्हा वाचल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मी पुस्तक परत मागितलेलं नाही. मॅडम रोज ठाण्याला वहिनी बसली रे बसली की विचारतात कुठवर आलं, आणि मी भांडुपला चढले की मला सांगतात. परवा शुक्रवारी कळलं की तालीम बांधून झालीये, राजेसाहेब यायचेत, आणि आत्याबाई फार खूश आहेत, वाडीची सगळी माणसं कशी एका कामाला लागली म्हणून दोघीतिघींना सांगत फिरतायत. पुढचं आम्ही कोणी त्यांना सांगितलेलं नाही.